पिवळी चौकट

माझा धाकटा भाऊ विमा कचेरीत कारकून आहे, पण आम्ही त्याला रंगारी म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी बाबांची नजर अधू व्हायला लागली, तेव्हा त्याने त्यांच्या कॉम्प्युटरसाठी एक थीम, म्हणजे पडद्याचं नवं रंगरूप, बनवली. गडद खिडक्या, ठसठशीत बटणं, मोठी अक्षरं. शहाण्याने ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट टाकली, आणि हे घोंगडं त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

दर सहा महिन्यांनी डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते आणि याची थीम मोडते. कुठे बटणं गायब, कुठे पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. की लागले जगभरचे लोक याच्यावर खेकसायला! हा रजा काढून दुरुस्त्या करत बसतो. एकदा मुलगी बघायला जायचं होतं, तर हा म्हणे, "ताई, या आठवड्यात नाही, आवृत्ती आहे."

"आग लाव त्या आवृत्तीला!" मी ओरडले. "सोडून दे ना!"

"सोडलं तर बाबांचं काय?"

बाबा निवृत्त टंकलेखक. रोज सकाळी आठवणींचं एक पान टाइप करतात, त्यावरच त्यांचा दिवस उभा राहतो.

यंदा मात्र देव पावला. लांबच्या कुठल्याशा गावची एक शिक्षिका थीम सांभाळायला तयार झाली. रंगाऱ्याने सगळं तिच्या हवाली केलं आणि दुपारी आमच्याकडे, म्हणजे माझ्या आणि बाबांच्या घरी, येऊन ताणून दिली. उठल्यावर चक्क शीळ घालत होता.

चौथ्या दिवशी धापा टाकत आला. "ताई, घोळ झाला! लोक विचारतायत, पिवळी चौकट कुठे गेली?"

त्याच्या कामाची एक रीत आहे. रंग, जाडी, सगळं मूळ फाईलमध्ये लिहायचं. मग एक आज्ञा दिली की त्यातून तयार फाईल निघते आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जाते. तयार फाईलला हात लावायचा नाही, कारण पुढच्या वेळी ती पुसून नवी निघते. सहा महिन्यांपूर्वी बाबा म्हणाले होते, आपण कुठे लिहितोय तेच कळत नाही. याने घाईघाईत लिहायच्या जागेभोवतीची पिवळी चौकट थेट तयार फाईलमध्येच घातली. मूळ फाईलमध्ये घालायचं राहूनच गेलं. शिक्षिकेने नवी फाईल काढली आणि चौकट गेली.

"तीन दिवस बाबांनी केलं काय? बोलले कसे नाहीत?" असं म्हणत तो आत गेला. मी मागोमाग.

बाबा टाइप करत होते. बोटं झरझर चालली होती. पडद्यावर मधोमध कसलीशी सूचना उघडी होती आणि अक्षर एकही उमटत नव्हतं.

"बाबा, पिवळी चौकट दिसतेय ना?"

"दिसतेय की! लख्ख! तुझं काम म्हणजे काय!" बाबा म्हणाले, आणि पुढे टाइप करत राहिले.

मी याच घरात राहते, रोज त्यांच्यासमोर चहा ठेवते, आणि मला पत्ता नाही! रंगाऱ्याने पुढे होऊन ती सूचना गुपचूप बंद केली. मी त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"त्यांना काहीही दिसत नाहीये. डॉक्टरकडे मी नेते. पण तुझी थीम संपली, कळलं? सुटलास तू!"

"डोळे दाखवू, उद्याच. पण थीमचं काही बोलू नकोस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझे कष्ट वाया गेले असं मला वाटू नये, म्हणून दिसतं म्हणतायत ते. आता कसा सुटू?"

दोघांच्याही कानाखाली एकेक वाजवावी असं वाटलं मला. तो तिथेच लॅपटॉप उघडून बसला. चौकट या वेळी मूळ फाईलमध्ये लिहिली, आणि शिक्षिकेला कळवलं की माफ करा, थीम मीच सांभाळतो.

खोलीतून बाबांची हाक आली, "काय रे रंगारी, पुढची आवृत्ती कधी?"

"सहा महिन्यांनी, बाबा."

"बटणं अशीच ठेव हं. छान दिसतात."