सोपानमामांची पांढरी गाडी

सोपानमामा गेल्याचं त्यांच्या मुलीनं मला बीडच्या दवाखान्यातून फोनवर सांगितलं. "सिस्टर, बाबा..." एवढंच. महिना होत आला, पण त्यांच्याबद्दल 'होते' म्हणताना अजून माझी जीभ अडखळते. घाटनांदूर भागात मी नर्स होते आणि ते दवाखान्याच्या गाडीचे ड्रायव्हर. निम्मी नोकरी मी त्यांच्या शेजारच्या सीटवर काढली.

तेव्हा गाडी एकच. जाताना पेशंट न्यायची आणि पुष्कळदा येताना मढं आणायची. ती गावात शिरली की बायका लेकरांना घरात ओढायच्या. एका दुपारी मेंढपाळांच्या वस्तीवर मुक्ता नावाची पोर बाळंतपणात अडली होती, रक्त जात होतं, आणि सासू दार अडवून उभी. "त्या गाडीत न्हाई! माझा मालक त्यातच आलता, तोंड झाकून." मी चिडले, नाही नाही ते बोलले. माझा स्वभावच तसा, आधी तोंड चालतं. मामा मात्र सरळ गाडीत मागं चढले, स्ट्रेचरवर चक्क आडवे झाले आणि उठून बसले. "बघा मावशी, झोपलो आन् उठलो. मी रोज दुपारी हितंच झोपतो, लई गाढ झोप लागती." धादांत खोटं! ड्रायव्हर लोक त्या स्ट्रेचरवर टेकतसुद्धा नाहीत. सासूला हसावं की रडावं कळेना, पण ती बाजूला झाली. मुक्ता आणि तिचं बाळ, दोघंही वाचली.

पुढं सगळंच बदललं. फोन केला की येणारी ॲम्ब्युलन्स आली. आत ऑक्सिजन, सोबत डॉक्टर, उपचार वाटेतच सुरू. मयतासाठी वेगळी शववाहिनी, या गाडीत मयत न्यायचं नाही असा नियम. मला नव्या कागदांचा वैताग यायचा, मामा मात्र त्या एका नियमावर बेहद्द खूश. निवृत्तीनंतर तेलगावला राहायला गेले, तरी वस्त्या-वस्त्यांवर सांगत फिरायचे... फोन करा, बिनघोर बसा.

त्या दिवशी शेतात त्यांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स वेळेत आली, डॉक्टरांनी वाटेत शर्थ केली. पण बीडला पोचल्यावर मामा गेले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा शववाहिनी लांब कुठंतरी गेलेली होती. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मामांच्याच हाताखाली तयार झालेला. डोळे पुसत म्हणाला, "आमी नेतो मामाला. होऊ द्या काय व्हायचं ते." मीही म्हटलं, नियम गेला चुलीत. परवानगीसाठी साहेबांना फोन लावणार, तेवढ्यात मामांच्या बायकोनं, काकूंनी, माझा हात धरला. "नगं, सिस्टर. ह्या गाडीतून त्यांचं मढं उतरलेलं लोकांनी बघितलं, तर उद्या कुणी बसायचं न्हाई."

मग आम्ही मामांना एका ओळखीच्या टेम्पोतून घेऊन निघालो. वाटेत मागून सायरन ऐकू आला. तीच ॲम्ब्युलन्स होती, दुसऱ्या कुणासाठी निघालेली. काकूंनी पुढच्या काचेवर हात आपटला आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "बाजूला घ्या भाऊ. तिला जाऊ द्या आधी."