उत्तरेकडून आलेली पाठ

आमचे गणिताचे सर मान वळवीत नसत. मागून कोणी हाक मारली, की ते आधी थांबत आणि मग दोन हमालांनी कपाट सरकवावे तसे सबंधच्या सबंध फिरत. पेणच्या आमच्या शाळेत मुलांनी त्यांचे नाव ‘कपाटसर’ ठेवले होते. मी तेथे भूगोल शिकवीत असे. प्रारंभी मलाही तो ताठा गर्वाचा वाटला. पुढे कळले, की ताठा आजाराचा होता. गर्व मात्र निराळा होता, आणि तो त्या आजाराचाच होता.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या एका डॉक्टरांनी त्यांचे निदान केले. मणक्यांच्या सांध्यांना आतून सूज येते आणि उपचार न केल्यास मणके हळूहळू जखडतात, असा तो संधिवात होता. रक्ततपासणीत त्याच्याशी संबंधित एक आनुवंशिक खूणही सापडली. डॉक्टरांनी सहज सांगितले, की ही खूण सर्व समाजांत सारखी वाटलेली नाही. उत्तर युरोपातल्या लोकांत ती अधिक आढळते, आपल्याकडे त्या मानाने कमी. सामान्य मनुष्य यावर औषध विचारतो. सरांनी यातून वंशावळ काढली. “हा आजार नव्हे, दाखला आहे,” ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. “आमचे मूळपुरुष उत्तरेकडून आले, असे आजोबा सांगत. आता विज्ञानही सांगते.” डॉक्टरांनी रोज व्यायाम करण्यासही बजावले होते. तेवढा भाग सरांना आठवत नसे.

ते रोह्याहून रोज एसटीने येत. बसून पाठ आखडे म्हणून रोहे ते पेण उभ्यानेच प्रवास करीत, आणि कोणी जागा देऊ केली, की “आमच्यात बसत नाहीत,” असे सांगत. जणू बसणे ही खालच्या कुळाची रीत होती.

याच सुमारास आमचा तरुण शिपाई हिराजी सकाळी उशिरा येऊ लागला. तो धरमतरच्या खाडीकाठचा. घरच्यांचे आयुष्य मिठागरात गेलेले. पहाटे त्याची कंबर लाकडासारखी होई आणि चार कामे केल्यावर सुटे. नोकरी तात्पुरती होती. पुन्हा उशीर झाल्यास काढून टाकू, असे मुख्याध्यापकांनी त्याला सुनावले. त्याने सरांचा सल्ला विचारला.

“ही ओझ्याची पाठ आहे,” सरांनी निकाल दिला. “पडून राहा. माझे दुखणे निराळे. ते तुमच्यात नसते.”

“पाठीला सांगा ना, सर,” हिराजी म्हणाला. “तिला आडनाव ठाऊक नाय.”

तरी बिचारा आठवडाभर पडून राहिला. लचकलेल्या कमरेला विश्रांतीने थोडा आराम पडतो; या आजारात मात्र पडून राहावे तितके अंग आखडते. तो परतला तो अधिकच वाकून, आणि एक डोळा लालभडक घेऊन. बरोबर त्याची आई होती. ती थेट शिक्षकांच्या खोलीत आली.

“सर, गेल्या साली तुमचा डोला असाच लाल झालता ना?”

“झाला होता.”

“डाक्टर काय बोल्ला?”

“पाठीच्याच आजाराचा भाग आहे, म्हणाला.”

“मंग आमचे पोराचा डोला काय मिठागरानं लाल केला?”

सर सबंध फिरले. हिराजीचा डोळा त्यांनी निरखून पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्याला स्वतः मुंबईला घेऊन गेले. सोबतीला मीही होतो. हिराजीच्या रक्तातही तीच खूण निघाली.

“पण यांच्यात ही कशी?” सरांनी डॉक्टरांना विचारले.

“कमी आढळते म्हणजे आढळतच नाही, असे कोणत्या गणितात शिकवता?” डॉक्टर म्हणाले. “प्रमाण समाजाचे असते, सर. दुखणे माणसाचे असते. खूण असूनही बहुतेकांना हा आजार होत नाही, आणि काहींना खुणेवाचूनही होतो.”

परतीच्या एसटीत पेण जवळ आले, तसे सर हिराजीकडे सबंध फिरले. मग म्हणाले, “हिराजी, तुमच्यात पूर्वी कोणी उत्तरेकडून आले होते काय?”

“व्हय की, सर. आजी जोह्याची. जोहे पेणच्या उत्तरेलाच हाय.”

भूगोलाचा शिक्षक या नात्याने मी दुजोरा दिला.

सर मुख्याध्यापकांकडे गेले ते मात्र प्रमाण विसरून. “हा आळस नव्हे, हा माझाच आजार आहे,” ते म्हणाले. “याला काढायचे असेल, तर आधी मला काढा.” हिराजीची नोकरी राहिली. पुढे रोज घंटेआधी दोघे व्हरांड्यातल्या भिंतीला पाठ लावून उभे राहत. “टाचा भिंतीला! हनुवटी आत!” सर ओरडत. हिराजीचे डोके भिंतीला टेके. तेथे तेलाचा गोल डाग पडला होता. सरांचे डोके टेकत नसे. व्यायामाचा तास त्यांनी फार उशिरा सुरू केला होता. तरी हिराजीला पैकीच्या पैकी गुण देऊन ते स्वतःला नापास करीत, आणि नापास विद्यार्थ्याचे कारण विचारू नये, असे म्हणत.

दशक सरता सरता सर रोह्यात वारले. मी आणि हिराजी पोहोचलो, तेव्हा त्यांना जमिनीवर निजवले होते; पण डोके जमिनीला टेकत नव्हते. घाऱ्या डोळ्यांचे चार भाऊबंद खांदे दाबून पाहत होते.

“दाबू नका हो. ते टेकायचं नाय,” हिराजी म्हणाला. त्याने खांद्यावरचा टॉवेल घडी करून सरांच्या मानेखाली अलगद सरकवला.

मागून एका भाऊबंदाने विचारले, “आपण यांचे कोण?”

हिराजीने नुसती मान वळवली. “सरांच्या हिशोबानं भाऊबंदच, उत्तरेकडचा,” तो म्हणाला.