आतोबांचा कागद

कल्याणात कोणी अंथरूण धरले की वैद्याच्या आधी आमचे आतोबा त्याच्या दारात हजर. बगलेत कागदांची गुंडाळी, हातात कलमदान आणि चेहऱ्यावर बारशाला आल्यासारखा आनंद. रोग्याला कसे वाटते हे विचारण्याआधी ते घराची तुळई निरखीत आणि म्हणत, "हे कोणाच्या नावे?" आत्याचे यजमान म्हणून मी त्यांना वाकून नमस्कार करीत असे, पण खरे सांगतो, मला या माणसाचा तिटकारा होता.

मामलेदार कचेरीबाहेर ते अर्ज लिहायला बसत, पण जीव सगळा मृत्युपत्रांत. शुद्ध हरपलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा शाईत बुडवू पाहणाऱ्या एका पुतण्याला त्यांनी छत्री उगारून पिटाळले होते. एवढे एक त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. बाकी ज्ञान पाजळायची हौस अशी की पंगतीत शेजारचा माणूस घास गिळेपर्यंतही यांना धीर नसे.

त्या काळच्या कायद्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "भावाशी वाटणी झाली आहे का?" डोंबिवलीकडच्या खाडीवरचा पोशा नावाचा मिठागरवाला आपले वडिलार्जित घर बायकोच्या नावे करायला आला, तेव्हा आतोबांनी त्याला सगळ्यांदेखत झाडले. "अरे गाढवा, वाटणी नाही तर तू मेल्यावर घर भावाचं. मृत्युपत्राला कोण विचारतो? बायकोला काय देणार, मिठाचा खडा?" पोशाने तीन खेपा घातल्या, भावाला आणले, वाटणीचा कागद झाला आणि मगच आतोबांनी त्याचे मृत्युपत्र लिहिले.

आता यांचे स्वतःचे पाहा. मूलबाळ नव्हते. राहते घर वडिलांचे, धाकटे भाऊ बापूराव ठाण्याला नोकरीत, आणि वाटणी झालेली नव्हती. तरी दर गणपतीला आरती आटोपली की आतोबा आपले मृत्युपत्र काढून पाहुण्यांना खड्या आवाजात वाचून दाखवीत : "माझे राहते घर माझ्या पत्नीस." मग आत्याकडे वळून म्हणत, "कागद केला आहे, काळजी नाही." आत्या पदराने डोळे पुशी. मला मात्र ते मोदक गोड लागत नसत.

मी ठाण्याला एका वकिलाकडे कारकून होतो. एकदा न राहवून म्हणालो, "आतोबा, पोशाला तुम्ही जे सांगितलंत तेच तुम्हालाही लागू आहे. वाटणी केल्याशिवाय हा कागद कशाला चालायचा?"

"तू मला शिकवतोस?" ते कडाडले. "वाटणी केली की गणपती दोन होतात. बापू ठाण्याला आपला वेगळा बसवील. मग इथं मी काय एकटाच टाळ्या वाजवू?"

म्हणजे हे होते कारण. वर्षातून एकदा सोवळे नेसून पाटावर बसायचे, धाकट्या भावाने मागे हात जोडून उभे राहायचे, आणि गावाने म्हणायचे की पाहा, कसे एकत्र कुटुंब आहे! त्या पाटापायी हा शहाणा बायकोचे छप्पर पणाला लावून बसला होता आणि त्याला ते पुरते ठाऊक होते. अडाणी माणसाला मी क्षमा केली असती.

शेवटच्या तापात बापूराव स्वतः वाटणीचा कागद घेऊन आले. मी शेजारीच होतो. "दादा, सही करा. वहिनींचा अर्धा भाग मोकळा होऊ दे." बापूरावांना तेव्हा मनापासून द्यायचे होते, हे मी शपथेवर सांगेन. आतोबांनी कलम हातात घेतले, गणपतीला आठच दिवस उरलेत हे बोटांवर मोजले आणि कलम खाली ठेवले. "एवढा गणपती होऊ दे रे." पाचव्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर मी ते मृत्युपत्र बापूरावांपुढे ठेवले. त्यांनी पूर्ण वाचले, नीट घडी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादांचं अक्षर काय सुरेख होतं! वहिनी राहतील की इथेच, त्यांना कोण घालवतंय?" चार दिवसांपूर्वीच त्यांनी वकिलाचा सल्ला घेतला होता. महिन्याभरात त्यांचे बिऱ्हाड ठाण्याहून आले आणि आत्याचे अंथरूण मागच्या खोलीत गेले.

पुढच्या वर्षी गणपतीत मी गेलो, तेव्हा पाटावर बापूराव होते. दुपारी मागच्या दाराशी पोशाची बायको आली. पोशा पावसाळ्याआधीच वारला होता. तिने आत्यापुढे मिठाची टोपली ठेवली. "काकानी कागद केला म्हनून घर माजा रायला, बाय. दीर आलता भांडाला, कागद दावला, गेला परत. तुमी तं काकांच्या घरच्या, तुमाला कसली कालजी!"

आत्या तिला म्हणाली, "खरं आहे गं, बस." मग टोपली उचलून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तिथेच थांबली आणि आत वाकून जावेला विचारू लागली, "एवढं मीठ इथं ठेवू का?"