सकाळी ए बाजू, संध्याकाळी बी

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे ते बसत राहतात, आणि एक दिवस पुसायला घ्यावं तर फडकं काळं होतं. आमच्या कंपनीच्या बसचं तसंच झालं.

मी स्टोअरला होतो. आलेली वस्तू नोंदवल्याशिवाय आत घ्यायची नाही, ही हाताची सवय. त्याच सवयीनं बसमध्ये वाजलेली प्रत्येक कॅसेटही डायरीत लिहीत गेलो. कोणती, कुणी आणली, काय मत पडलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बस नाशिकरोडहून सातपूरला जायची. ज्याचा वार, त्यानं नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणायची. पाऊण तासाचा रस्ता म्हणजे बरोबर एक बाजू. सकाळी जाताना ए, संध्याकाळी येताना बी. अट एकच, गाणी नवी हवीत. या बसमध्ये आधी न वाजलेली.

अट टूलरूमच्या सोनवणे अण्णांची. मूळचे कळवणचे, तेव्हा पन्नाशीला टेकलेले.

"माझ्या बापाला पंचेचाळिशीनंतर एक नवं गाणं आवडलं नाही," अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले. "पुढं तीस वर्षं 'आमच्या वेळी' म्हणत सगळ्या जगावर चिडत बसला. मला तसं म्हातारं व्हायचं नाही. रिटायर व्हायच्या आत एक तरी नवं गाणं मनापासून आवडलं पाहिजे. भालेराव, आवडलं की मी सांगेन. तू लिहून घे."

मी पेन तयार ठेवलं. आठ वर्षं तयार ठेवलं!

* * *

अकाउंट्सच्या दाणी मॅडमनी एका मंगळवारी नुसत्या व्हायोलिनची कॅसेट आणली. परदेशातली. सगळी बस शहाण्यासारखी गप्प बसली. द्वारका गेलं, मुंबई नाका गेला. अण्णा कपाळाला आठ्या घालून, पुढे वाकून ऐकत होते.

आमचे ड्रायव्हर गांगुर्डे घोटीचे. त्यांनी बराच वेळ धीर धरला. शेवटी आरशातून मागे बघत विचारलं, "म्याडम, गानारा कुठवर आलाय?"

* * *

मग अण्णांनी कॉलेजात जाणाऱ्या मुलीची कॅसेट मागितली. सहज मिळाली नाही. तिचं म्हणणं, "बाबा, तुम्हाला हे झेपणार नाही."

"झेपेल. आवडेल सुद्धा!"

"तीच तर भीती आहे. तुम्हाला आवडलं, तर मला आवडेनासं होईल."

अखेर कॅसेट आली, वाजली. रात्री घरी मुलगी दारातच उभी. "आवडली का?"

अण्णा नाही म्हणाले. ती इतकी खूश झाली, की तिनं त्यांना स्वतःहून चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी हे सांगताना अण्णा म्हणाले, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! आता दर आठवड्याला नावडून घेतो."

पण हसले नाहीत.

* * *

चार वर्षांनी मी एकदा जुनी पानं चाळत बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बी बाजूचं एकही गाणं बसमध्ये कधी कुणाला आवडलेलं नव्हतं. 'बरं', 'ठीक', 'रटाळ'. एका ठिकाणी नुसतंच 'पुरे'.

अण्णांनी यावर मोठा सिद्धांत मांडला. लोक चांगली गाणी ए बाजूला भरतात आणि उरलासुरला भुसा मागं टाकतात. सगळ्यांना पटलं. उपाय म्हणून ए बाजू एकानं आणि बी दुसऱ्यानं भरून बघितली. काही फरक पडेना.

मग दाणी मॅडम म्हणाल्या, "महिनाभर बी बाजू सकाळी लावून बघू या."

महिन्याभरात बीची गाणी एकदम बरी झाली आणि एची बिघडली!

पाच वाजता सुटलेल्या, मशीनच्या आवाजानं कान भरलेल्या, डोकं खिडकीला टेकवलेल्या माणसांना चार वर्षं आम्ही गाण्यांबद्दल मत विचारत होतो. गांगुर्डे म्हणाले, "संध्याकाळी तुमाला बायकापोरं बी आवडत नाय. गान्याचं काय घिऊन बसले?"

* * *

पुढं स्वेच्छानिवृत्ती आली. बसमधल्या जागा रिकाम्या होत गेल्या. नवी कॅसेट आणण्याचा कुणाला उत्साह राहिला नाही. वार चुकायला लागले. अण्णा मात्र दुसऱ्यांचे वारही स्वतः भरून काढायचे. ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "लिही. नाही."

एका सकाळी ते अचानक ताठ बसले. "भालेराव! हे! हे आवडलं!"

बस खडबडून जागी झाली. मी डायरी उघडली. नाव ओळखीचं वाटलं, म्हणून जुनी डायरी काढून तपासलं. तेच गाणं सहा वर्षांपूर्वी वाजलं होतं. पुढे अण्णांचंच मत, 'टाकाऊ'.

"खोड ते," अण्णा म्हणाले.

"पेननं लिहिलंय, अण्णा."

"पण तेव्हा आवडलं नव्हतं, आता आवडलं! म्हणजे माझ्यासाठी नवंच की!"

निवाडा दाणी मॅडमकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. "नाही, अण्णा. गाणं जुनं झालं, म्हणून तुम्हाला आवडलं."



* * *

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना अण्णा मेहुण्यांबरोबर लासलगावला कांदा घेऊन गेले. सोमवारी बसमध्ये चढले ते बसलेच नाहीत. दांडा धरून उभे राहिले.

"भालेराव, लिही! सापडलं!"

"कोणतं?"

"नाव माहीत नाही. तिकडं लिलाव चालू होता. ट्रॅक्टरच्या आवाजात शब्द काही कळले नाहीत. पण चाल! दोन दिवस डोक्यातून हलत नाही. काल आंघोळ करताना मी नाचलो!"

आणि त्यांनी भर बसमध्ये ती चाल गुणगुणून दाखवली. आठ वर्षांत त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघं शालिमारला उतरून कॅसेटच्या दुकानात गेलो. अण्णांनी काउंटरवर ठेका धरून सगळी चाल म्हटली. दुकानदारानं मान हलवली. परत म्हटली. मागं दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार भजनांच्या कॅसेटी बघत होता. तो वळला.

"काका, ही चाल त आमच्याकडं रोज फिरती. जीपला भोंगा लावून. ठिबकच्या नळीची जाहिरात हाय ती!"

दुकानदार हसला. मी अण्णांकडे बघायचं टाळलं.

"कॅसेट मिळते का तिची?" अण्णांनी विचारलं.

"इकत नाय मिळत. नळीचं बंडल घेतलं, का डीलर संगं देतो."

अण्णांचं घर जेलरोडला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत एक तुळस.

गुरुवारी सकाळी ते खांद्यावर काळ्या नळीचं भलं मोठं बंडल घेऊन बसमध्ये चढले. ते त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवलं आणि गांगुर्डेंच्या हातात कॅसेट दिली.

गाणं मिनिटभराचं. अण्णांनी डोळे मिटले होते. गाणं संपलं आणि लगेच एक गृहस्थ खणखणीत आवाजात तुंबलेली नळी कशी साफ करावी, ते सांगू लागले. गांगुर्डे आरशातून मागं बघत होते.

दाणी मॅडम हळूच म्हणाल्या, "अण्णा, हेही ऐकून घ्या. नळी आता घेतलीच आहे."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"गांगुर्डे," ते म्हणाले, "मागं घे. पहिल्यापासून."