आर्डिस फ्लूगरचे आठ सुटे विषय

एल्डर लेकच्या गटारांतून काय वाहतं ते गावात एकाच बाईला पक्कं ठाऊक आहे आणि ती बाई ते कुणाला सांगत नाही, हे गावाचं नशीब. आर्डिस फ्लूगर. वय पंचावन्न, उंची बेताची, हसणं दणदणीत आणि नोकरी सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत. रोज सकाळी सहाला ती लांब दांडीचं भांडं घेऊन टाकीवर जाते आणि आदल्या दिवशी गावानं जे काही केलं त्याचा नमुना काढते. शुक्रवारी आमचं अख्खं विस्कॉन्सिन राज्य तळलेले मासे खातं, म्हणून शनिवारी पाण्यावर तेलाचा तवंग. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की पुरुषमंडळी आठवडाभर रानात आणि केंद्रातलं पाणी एकदम सात्त्विक. चर्चमध्ये आर्डिससमोर कुणी फार मोठेपणाच्या बाता मारत नाही, त्याचं कारण हे असं.

या बाईला सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकायचा किडा चावला. बी. एस्सी. ती कधीचीच झाली होती, पण कशीबशी. होस्टेलवर चार वर्षं तिनं पत्ते कुटले, अभ्यास फावल्या वेळात. त्या गुणांवर एम. एस्सी.ला कुत्रंसुद्धा विचारेना. पण आमच्या विद्यापीठाला एक मागचं दार आहे. पदवीला प्रवेश नसला तरी फी भरून एम. एस्सी.चा एखादा विषय सुटा घेता येतो. वर्ग तोच, परीक्षा तीच, मास्तरही तेच, फक्त तुम्ही कुठल्या पदवीचे नाही. चांगले गुण मिळवून दाखवा आणि मग पुढच्या दारानं या, असा सगळा मामला.

आर्डिसनं दर सप्टेंबरात एक विषय घ्यायला सुरुवात केली. चाळीस मैल जायचे, चाळीस यायचे, निम्मा काळ बर्फातून. त्यामुळे वर्षाला एकच, त्याहून जास्त झेपत नाही हे तिनं पहिल्याच हिवाळ्यात खड्ड्यात गाडी घालून सिद्ध केलं.

पहिल्या वर्षी शिकवायला डॉक्टर मिरियम झेल्निक होत्या. मूळच्या न्यूयॉर्कच्या, ब्रुकलिनच्या. जीभ म्हणजे कात्री. एक दिवस त्यांनी फळ्यावर कुठल्याशा गावाच्या सांडपाण्याचा आलेख लावला. रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला रेघ एकदम उभी चढलेली.

"हे मापन चुकलंय," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्र बिघडलेलं दिसतंय. सोडून द्या."

मागच्या बाकावरून आर्डिस म्हणाली, "यंत्राला काही झालेलं नाही हो. मध्यंतर झालंय."

"कसलं मध्यंतर?"

"फुटबॉलचं. अख्खं गाव दीड तास दाबून बसलेलं असतं. मध्यंतर झालं की सगळे एकदम उठतात."

वर्गात हशा पिकला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्या आलेखाजवळ गेल्या, तारीख बघितली, वेळ बघितली आणि तास संपल्यावर त्यांनी आर्डिसला थांबवून घेतलं. "तुम्ही पदवीसाठी अर्ज का करत नाही? मी शिफारस देते."

आता इथे चूक झाली, आणि ती आमच्याकडचं माणूसच करू जाणे. आर्डिसच्या पोटात आनंदाचं कारंजं उडालं आणि तोंडातून निघालं, "नको नको, कशाला उगाच? माझं बरं चाललंय."

एल्डर लेकमध्ये कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली तर "तुम्ही स्वतःसाठी करतच असाल तर" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की "अगदी घोटभर" म्हणून अख्खा मग रिचवायचा. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट, आणि तीनदा न विचारणारा यजमान चिक्कू. आर्डिसच्या सासूनं तर लग्नाच्या दिवशी केकसुद्धा दोनदा नाकारला होता.

ब्रुकलिनमध्ये नाही म्हणजे नाही. "ठीक आहे, तुमची मर्जी," असं म्हणून डॉक्टर झेल्निक चालत्या झाल्या.

आर्डिस वाट बघत बसली. दुसरं वर्ष गेलं, तिसरं गेलं. दर वर्षी विद्यापीठाच्या अर्जावर एक प्रश्न असायचा, "आपणास पदवीसाठी प्रवेश हवा आहे का?" दर वर्षी ती त्याच्यापुढे "नाही" लिहायची. कागदानं विचारलेलं काय धरायचं? कागदाला काय तोंड असतं? दर वर्षी "अ" श्रेणी, दर वर्षी नाताळात डॉक्टरांना घरच्या लोणच्याची बरणी, आणि मूळ गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आठ वर्षं भांडं लपवलं आर्डिसनं!

तिचा नवरा लाव्हर्न जनावरांचा डॉक्टर. तो एकदा म्हणाला, "अगं, आठ विषय झाले तुझे. गाय व्यायला इतका वेळ लावत नाही."

"विचारतील रे त्या."

"आणि नाही विचारलं तर?"

"असं कसं नाही विचारणार?" आर्डिस म्हणाली. "चांगल्या घरातल्या वाटतात."

मग एप्रिलमध्ये केंद्राचा प्रमुख, म्हातारा एल्रॉय, निवृत्तीची चिठ्ठी देऊन मोकळा झाला. गावच्या मंडळानं जाहिरात चिकटवली. प्रमुख व्हायला एम. एस्सी. हवी, किंवा प्रवेश झालेला असावा आणि तीन वर्षांत ती पुरी व्हावी. दुसरा उमेदवार कोण, तर महापौरांचा जावई. त्याचा पाण्याशी संबंध म्हणजे मोटारी धुवायचं दुकान, पण कुठलीशी एम. एस्सी. त्याच्या खिशात होती. तो आधीच म्हणत हिंडत होता, "प्रयोगशाळा हवीय कशाला? कुप्या भरायच्या आणि बाहेरगावी पाठवायच्या." म्हणजे आर्डिसनं तीस वर्षं मांडलेला संसार हा गडी कुप्यांत भरून टपालात टाकणार होता.

त्या रात्री आर्डिसनं आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात नव्हे, तर तोंडानं सांगितलं, "लाव्हर्न, मला ती जागा पाहिजे." लाव्हर्न इतका दचकला की त्यानं टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत गेली. खिडकीतल्या मुलीनं यादी बघितली आणि शीळ घातली. "आठच्या आठ 'अ'! बाप रे! प्रवेश तर मिळेलच तुम्हाला. पण सुट्या विषयांतले तीनच पदवीत धरतात हं."

"तीन?"

"नियम आहे. पदवीच्या दहा विषयांतले तीन. तिसऱ्या विषयानंतर अर्ज करायला हवा होतात तुम्ही. कुणी सांगितलं नाही?"

आर्डिसनं मनात हिशोब केला. तीन धरले तर सात उरतात. वर्षाला एक म्हणजे सात वर्षं, आणि मंडळ देणार तीन. सात धरले तरच जमणार. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही. ती तडक डॉक्टर झेल्निकच्या खोलीवर गेली. दार वाजवायलाही विसरली.

"तुम्ही मला परत विचारलंच नाहीत!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय विचारलं नाही?"

"पदवीचं! एकदा विचारलंत आणि गप्प बसलात."

"तुम्ही नाही म्हणालात ना!"

"पहिल्यांदा नाहीच म्हणतात! जगात कुणी पहिल्यांदा हो म्हणतं का?"

"अहो, जगात सगळे म्हणतात!" डॉक्टर उभ्याच राहिल्या. "किती वेळा विचारायचं असतं?"

"तीन!"

"आणि तुम्ही उरलेल्या दोन वेळांसाठी आठ वर्षं थांबलात?"

"मला वाटलं, माझ्याबद्दल तुमचं मत बदललं असेल."

डॉक्टर खाली बसल्या. "बाई गं," त्या हळूच म्हणाल्या, "मी दर वर्षी तुझा मध्यंतराचा आलेख शिकवते. तुझं नाव घेऊन शिकवते. मला वाटायचं, हिला पदवीची गरजच वाटत नाही, केवढा हा ताठा. मी मनातून चिडले होते तुझ्यावर." मग त्यांनी कपाटातून एक फॉर्म ओढून काढला. "समितीकडे सवलत मागता येते. मी लिहिते. पण बोलायचं तुला. आणि तिथे तुझं ते 'बरं चाललंय' काढलंस ना, तर लोणच्याची बरणी डोक्यात घालीन."

समिती मेच्या तिसऱ्या आठवड्यात बसली. आर्डिसनं चर्चचा कोट घातला आणि लिंबाच्या वड्यांचा पत्र्याचा ट्रे सोबत घेतला, कारण रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायची तिला सवय नाही. समितीत तिघं. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष डॉक्टर नायगार्ड, आमच्याच भागातले, बाप दूधवाला. डॉक्टर झेल्निक भिंतीला लागून बसल्या होत्या.

नायगार्डनी कागद चाळले. "उत्तम गुण. प्रवेशाला कुणाची हरकत नाही. विषयांचं म्हणाल, तर नियम तीनचा आहे. पण डॉक्टर झेल्निकनी इतकं कडक पत्र लिहिलंय की आम्ही पाच धरायला तयार आहोत. चालेल ना?"

आर्डिसनं मनात वजाबाकी केली. पाचांनी भागणार नव्हतं. पण पाच म्हणजे केवढी मेहेरबानी! हे तिघं बिथरले तर प्रवेशाचंही काही खरं नाही, आणि मग मोटारधुव्या जावयाच्या हाताखाली जन्म काढा. लहानपणापासून जीभ ज्या शब्दाला सरावलेली, तोच शब्द बाहेर आला.

"नाही."

नायगार्ड समजूतदारपणे हसले. आपल्याकडचीच बाई, त्यांच्या मनात आलं असणार, भिडस्त आहे. "अहो, संकोच कसला? मनापासून देतोय. पाच घ्या."

"नाही," आर्डिस म्हणाली.

त्यांनी ट्रेकडे प्रेमानं बघितलं आणि तिसऱ्यांदा, अगदी आईनं वाढावं तसं विचारलं, "पाच विषय, मिसेस फ्लूगर. घ्या की."

"नाही."

बाकीच्या दोघांना काही कळेना, ते बाहेरचे. नायगार्डचा चेहरा मात्र उतरला. माणूस साठीला आला होता, पण तिसरं नाही त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. भिंतीजवळ डॉक्टर झेल्निक बोटं मोजत होत्या. तिसऱ्या बोटावर त्या थांबल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मला सात पाहिजेत," आर्डिस म्हणाली. "आठ वर्षं मी त्याच बाकांवर बसले. तेच पेपर लिहिले. तुमच्या मुलांना जे येत नव्हतं ते मला येत होतं, कारण मी रोज त्यात हात घालते. मी चांगली आहे या कामात. बरी नाही, चांगली. हे मी कधी कुणाला बोलले नाही, माझी चूक झाली, पण आता बोलतेय. सात धरा, नाहीतर राहू द्या."

मग ती उठली, वड्यांचा ट्रे उचलला आणि बाहेर निघून गेली.

बाहेरच्या बाकावर तिला पहिलं भान ट्रेचं आलं. "अगंबाई, वड्या घेऊन आले की मी!" आणि मग बाकी सगळं भान आलं. हात दाखवून अवलक्षण! पाच मिळत होते ते लाथाडले. प्रवेशही गेला असेल. आता लाव्हर्नला काय सांगू, एल्रॉयला काय सांगू? तिनं एक वडी तोंडात टाकली, मग दुसरी. चव काही लागेना.

वीस मिनिटांनी दार उघडलं. नायगार्ड स्वतः बाहेर आले, मागे डॉक्टर झेल्निक.

"सात," नायगार्ड म्हणाले. "एकमतानं. आता तरी घ्याल ना?"

"घेते," आर्डिस म्हणाली. त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणाली.

नायगार्ड गेले. डॉक्टर झेल्निक शेजारी बसल्या, तर ही बाई त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून ओक्साबोक्शी रडायला लागली. चर्चमधले लोक असते तर मेलीच असती लाजेनं.

"मला हे फार हवं होतं हो, डॉक्टर. पहिल्या दिवसापासून हवं होतं."

"मग त्याच दिवशी सांगायचंस ना, मूर्ख बाई," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्याही रडत होत्या.