सुनीताचा शेवटचा पालथा पत्ता

कन्नडहून फोन आला तेव्हा मी टँकरच्या पाण्यानं अंगणातलं टिपाड भरत होते. बहीण एवढंच म्हणाली, "अक्का, सुनीता गेली गं..." कावीळ झाली म्हणून पोर गावी गेली होती. पाइप माझ्या हातातच राहिला, पाणी अंगणभर वाहिलं, अन् असल्या दुष्काळातसुद्धा शेजारच्या कुणी मला एका शब्दानं टोकलं नाही. आता काही आठवडे झालेत, म्हणून लिहायला बसले.

सुनीता माझी भाची. वाळूजला कंपनीत लागली तेव्हापासून माझ्याकडंच राहायची. आमच्या घरामागं ज्वारी असायची, तिथं बघता बघता इमारती उठल्या. माणसं वाढली, पाणी होतं तेवढंच. पण रविवारी ही बाई पाण्याच्या गडबडीत कधी सापडायची नाही. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले रंगीत पत्ते पिशवीत टाकायची अन् निघायची. मला वाटलं, जुगार! एकदा मागोमाग गेलेच. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत कॉलेजची पोरं टेबलं लावून बसलेली, अन् त्यांच्यात तिशीची आमची सुनीता. जो तो पत्त्यांतले राक्षस मांडून एकमेकांवर सोडतोय. हिच्यापुढं राक्षस औषधापुरता. नुसते पत्ते पालथे घालून शांत बसलेली. समोरच्यानं थाटात राक्षस आणला की ही एक पत्ता उलटायची... राक्षस गारद. त्या पालथ्या पत्त्यांना ते ट्रॅप म्हणतात, म्हणजे सापळा.

"क्या ताई, खुद खेलते नै, हमकू बी खेलने देते नै!" समोरचा इम्रान वैतागायचा.

"मग कर की हल्ला, कोण अडवतंय?"

"तुम्हीच!"

घरी तिनं मला खेळ शिकवला. मी उतावळी. पहिला राक्षस आला की लगेच सापळा उलटणार. ती कपाळाला हात लावायची. "मावशे, तो फालतू राक्षस तुझा सापळा वाया घालवायलाच पाठवलाय. थांब की जरा."

"थांबले अन् मेले तर?"

"तर मेलीस. पण त्याला काय करायचंय ते तर बघू."

या "बघू"चं मला लई नवल वाटायचं. एवढा धीर या पोरीनं आणला कुठून?

दुकानाची स्पर्धा जिंकणाऱ्याला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा होती, अन् तिला ती जागा हवी होती. शेवटचा डाव इम्रानशी पडला. तिचे सापळे एकेक करून संपले, उरला एकच पालथा पत्ता. इम्रानचा भला मोठा राक्षस उभा. हल्ला केला असता तर एक तर डाव त्याचा, नाही तर राक्षस सापळ्यात. तो त्या पत्त्याकडं बघत राहिला, घाम पुसला, अन् हल्ला न करताच पाळी तिच्याकडं दिली. तिनं नवा पत्ता ओढला, नेमका हवा तो आला, अन् ती जिंकली. पालथा पत्ता उलटायची गरजच पडली नाही. तिनं तो गड्डीत मिसळून टाकला. तो कोणता पत्ता होता, ते इम्राननं विचारलं, मी रिक्षात विचारलं. "पुण्याहून आल्यावर सांगते," म्हणाली. पुण्याच्या आधीच डोळे पिवळे झाले...

परवा इम्रान भेटायला आला. चहा हातातच निवून गेला. मग म्हणाला, "मौसी, पुण्याची ताईची जागा दुकानवाले मला देतायत. पण मन होत नाही. त्या दिवशी खरंच सापळा होता, का मी नुसताच घाबरलो? हे कळल्याशिवाय जाऊ कसा?"

मला तरी कुठं माहीत होतं! तिची गड्डी काढली, सगळे पत्ते चटईवर पसरले. दोघं वाकून एकेक वाचत बसलो. पण त्यातला तो कोणता, हे पत्ते थोडेच सांगणार?

"खेळतोस का?" मी विचारलं.

तिच्याच खोलीत बसलो, मी तिची गड्डी घेऊन, तो स्वतःची. माझे सापळे त्यानं भराभर संपवले. त्याचा राक्षस उभा राहिला, अन् माझ्या हातात एकच पत्ता उरला, तोही अगदी बिनकामाचा. मी तो पालथा घातला. इम्रानचा हात हल्ल्यासाठी उठला अन् अधांतरी थांबला. पत्त्याकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. मला तर सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं, काही नाही रे त्यात, मार... पण सांगितलं नाही. म्हटलं, बघू.

त्यानं ओठ आवळले, अन् हल्ला केला.