चौथ्या पेटीतला जवळा

बाळकुमला डिसेंबरात थंडी असते ती सकाळी सातपर्यंतच. खाडीकडून धुकं येतं, समोरच्या बांधकामाची सिमेंटची धूळ त्यात मिसळते, आणि सूर्य उगवलाय की नाही हे टॉवरच्या वरच्या मजल्यांनाच काय ते कळतं. अशा वेळी ई विंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, विटांच्या सहा पेट्यांमधून वाफ निघत असते. नव्याने राहायला आलेल्या एका भाडेकरूने आग लागली म्हणून वॉचमनला फोन केलेला. वॉचमन म्हणाला, आग नाही साहेब, ठमाबाई आहे.

ठमाबाई त्या वाफेत उभी असते. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं, पायात काळे गमबूट, अंगात मुलाचा जुना स्वेटर. हातात एक सळई. ती सळई पेटीतल्या कचऱ्यात हातभर खुपसायची, मनात शंभर मोजायचे, बाहेर काढून गालाला लावायची. चटका बसला तर पेटी नीट शिजतेय. कोमट लागली तर ढवळायची. सोसायटीने तिला थर्मामीटर आणून दिलेला, तो भिंतीवर खिळ्याला लटकतो. पाहुणे आले की ती तो दाखवते.

तीन बिल्डिंगांचा ओला कचरा सीताराम हातगाडीवरून आणतो. हा सीताराम सिंधुदुर्गातला, झाडलोटीचं काम करतो, आणि दिवसभरात जेवढा झाडू चालवतो तेवढीच जीभ. ठमाबाई आधी सगळा कचरा जाळीच्या टेबलावर पसरते. कुणी मेथी निवडली, कुणाच्या घरी पोळ्या उरल्या, कुणाच्या पोरानं डबा न खाता परत आणला, ते सगळं तिला तिथे दिसतं. बोलत मात्र कुणाशी नाही. प्लास्टिक, रबरबँड, चमचे वेगळे काढायचे, मग पेटीत एक थर कचऱ्याचा, एक थर वाळल्या पाल्याचा, वरून आंबट ताकाचा शिडकावा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी खालच्या दारातून काळंभोर खत निघतं. मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे आणि बोटाने ढोसलं तर लाडू फुटला पाहिजे, असं तिचं माप.

ही जमीन तिच्या सासऱ्याची. म्हणजे होती. आगरी माणसांचं भातखाचर, तिकडे खाडीच्या अंगाला बांध. लग्न होऊन आली तेव्हा तिने इथे आवण, म्हणजे भाताची रोपं, लावलेला. पुढे दिरांनी मिळून जमीन बिल्डरला दिली, टॉवर आले, नवरा कोलशेतच्या एका कारखान्यात लागला आणि निवृत्त व्हायच्या आधीच गेला. मुलगा प्रितम खोपटच्या डेपोत मेकॅनिक. ठमाबाई गावठाणातल्या जुन्या घरात राहते, आणि सकाळी सहाला गेटवर सही करून आपल्याच शेतात शिरते. सही म्हणजे अंगठा नाही हां, सही. चार अक्षरं, पण तीही शेवटचं अक्षर जरा लांबवून.

हे काम तिला मिळवून दिलं मेघनाने. मेघना सोसायटीची सेक्रेटरी, ठाण्यात एका बँकेत अधिकारी, वाढली खोपटच्या चाळीत. पेट्या बांधायचा ठराव तिनेच आणला, दोन वर्षं भांडून. म्हणून नोव्हेंबरात ती ओंजळीत खत घेऊन म्हणाली, "मावशी, या वेळी जरा फिकं वाटतंय का हो?" तेव्हा ठमाबाईने त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

दिवाळीत पाला जास्त पडलेला, भाजी कमी. खत फिकं होणारच. पण कारण माहीत असलं म्हणून बोल लागत नाही असं थोडंच आहे.

त्याच आठवड्यात ती कोलशेतला नणंदेकडे गेली. नणंद जया सुकी मासळी विकते. अवकाळी सर आली आणि वाळत घातलेला जवळा भिजला. बारीक कोळंबीच ती, एकदा भिजली की संपली. अर्धं पोतं कुबट वास मारत पडवीत होतं.

"फेकून देतंय आता," जया म्हणाली.

"फेकू नको. मना दे."

"काय करशील?"

"शेतान टाकीन."

जयाने तिच्याकडे बघितलं. शेत कुठलं, हे तिला कळलं की नाही कोण जाणे, पण पोतं तिने दिलं. सासऱ्यांच्या काळात खराब झालेली मासळी कुणी फेकत नसे. आवण लावायच्या आधी ती खाचरात जायची, आणि त्या वर्षी भात असा यायचा की बांध दिसत नसे. ठमाबाईने दुसऱ्या दिवशी सीताराम यायच्या आत चौथ्या पेटीत तो जवळा तीन थरांत पसरला, वर पाला लोटला आणि हात धुतले.

तिसऱ्या दिवशी तिच्या नाकाला कळलं. पाचव्या दिवशी ई विंगला कळलं.

शेतात चहूबाजूंनी वारा. इथे तीन बाजूंना भिंती आणि चौथीला बारा मजले. मांजरं पेटीच्या डोक्यावर येऊन बसायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या विनीतची बेडरूमची खिडकी बरोबर चौथ्या पेटीच्या वर. त्याला सहा महिन्यांची मुलगी, आणि खिडकी बंद केली की ती रडायची, उघडली की त्याची बायको. ठमाबाईला वाटलेलं, आठ दिवसांत बसेल वास. शेतात बसायचा. तिने आणखी पाला टाकला, आणखी ताक शिंपडलं. वास बसला नाही, उलट हुशार झाला.

आणि महिना होता मार्गशीर्षाचा. सोसायटीत ज्यांच्या घरी एरवी रोज मासळी, त्यांच्याकडेही गुरुवारची पूजा, महिनाभर बंद. कोळीण रविवारी टोपली घेऊन गेटवर यायची ती दोनच घरांसाठी थांबायची. त्यातलं एक घर रजेवर गावी गेलेलं. दुसरं मेघनाचं. मेघनाच्या घरी बुद्धाची मूर्ती, मार्गशीर्षाचं त्यांना काही नाही, आणि तिच्या मुलाला बोंबलाशिवाय जेवण जात नाही हे लिफ्टमध्ये सगळ्यांना माहीत.

नोटीस बोर्डावर कागद लागला. सीतारामने तो वाचून दाखवला.

"रविवारी मीटिंग. खतपेट्या बंद करण्याबाबत चर्चा." मग जरा हळू, "मेघना मॅडमवर आलाहा सगळा. वरचे बायका बोलतत, मासळीचा कचरा तीच टाकता म्हणून."

"कोन बोलला?"

"कोण नाय बोलला ता विचार."

ठमाबाई पेटी ढवळत राहिली.

संध्याकाळी बँकेतून आल्यावर मेघना पर्स खांद्यालाच ठेवून मागे आली. थकलेली. नाकाला ओढणी लावायची तिची इच्छा होती, पण ठमाबाईसमोर तिने लावली नाही.

"मावशी, कुणाच्या डब्यातून येतंय ते काही दिसलं का तुम्हाला? तुम्ही तर रोज निवडता."

"बघतंय," ठमाबाई म्हणाली.

"बघा ना. पेट्या बंद झाल्या तर परत कधीच व्हायच्या नाहीत. मला माहितेय ना यांना."

"बघतंय पोरी."

त्या रात्री प्रितमने विचारलं, आये, भाकरी का टाकलीस. ती म्हणाली, दात दुखतंय.

रविवारी दहाला क्लब हाऊसमध्ये मीटिंग. ठमाबाई दाराशी उभी राहिली, गमबूट बाहेर काढून. शेजारी सीताराम. आत पन्नासेक माणसं, कुणी चहा घेत, कुणी मोबाइलमध्ये. विनीत उभा राहिला. डोळे जागरणाने लाल, पण बोलला नीट.

"माझं खताशी काही वाकडं नाहीये. पण पंधरा दिवस झाले, माझी पोरगी झोपलेली नाही. बाहेरची गाडी येते, ओला कचरा घेऊन जाते, तिला द्या ना. आणि ठमामावशींना आपण काढत नाहीयोत. लिफ्ट आणि लॉबी पुसायचं काम आहे, पगार तोच. एसीत राहतील उलट."

दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. एक बाई म्हणाल्या, वयोमानाने बरंच आहे की ते. ठमाबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत काळी माती होती, ती कधीच पूर्ण निघत नसे.

"वासाचं कारण शोधू आधी," मेघना म्हणाली. "दोन वर्षांत कधी असा आला नव्हता."

"कारण काय शोधायचं मॅडम," विनीत म्हणाला. "मार्गशीर्ष चालू आहे. सगळ्यांकडे बंद आहे. कुणाकडे चालू आहे ते कोळणीला विचारलं तरी ती सांगेल."

कुणीतरी मागे हसलं. मेघनाचं तोंड उतरलं, पण आवाज चढला नाही.

"माझा डबा रोज टेबलावर रिकामा करून दाखवते. या बघायला."

"आता काय, आता तुम्ही दाखवालच."

"तो वास तिचे घरचा नाय."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ठमाबाई उंबऱ्याच्या आत आलेली, अनवाणी.

"मी टाकलाय. जवला. अर्धा पोता."

विनीत म्हणाला, "मावशी, तुम्ही? कशाला?"

"खत फिका झालता."

"पण मासळी?"

"आमी शेतान टाकाचो. याच जाग्यावं. तुमची गारी लागतं ना, तिथंच."

"आणि तेव्हा वास नव्हता येत?"

"येत व्हता ना. पन तवा तो वाऱ्यावं जायाचा. आता लिफ्टनं वर जातो."

मागच्या रांगेत हशा पिकला. सीतारामला राहवलं नाही. "आमच्याकडे माडाक घालतत साहेब. नारळ असे लागतत..."

"सीताराम, तू गप बस जरा," विनीत म्हणाला, पण त्याच्याही ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तो परत गंभीर झाला. "मावशी, पंधरा दिवस तुम्ही गप्प का राहिलात? आम्ही कुणाकुणाला बोललो."

ठमाबाईने पदर सारखा केला.

"भ्याले. लिफ्ट पुसाला लावाल म्हनून."

एसीत राहतील म्हणणारा विनीत खाली बघत होता. चर्चा पुढे अर्धा तास झाली, त्यात पार्किंगचाही विषय निघाला, तो निघतोच. ठरलं ते एवढं: आठ दिवस. आठ दिवसांत वास गेला तर पेट्या राहतील. नाहीतर सहाही बंद.

उठताना विनीत मेघनापाशी थांबला. "सॉरी मॅडम. मी जरा जास्तच बोललो."

"ते मिनिट्समध्ये लिहून घेते," मेघना म्हणाली आणि वही मिटली.

त्याच दुपारी ठमाबाईने चौथी पेटी उघडली. प्रितमने भिवंडीकडच्या भातगिरणीतून तुसाची चार पोती टेम्पोत घालून आणली. ती तोंडाला फडकं बांधून पेटीत उतरली आणि जवळ्याचा कचरा घमेल्याने बाहेर काढून तुसात कालवायला लागली. कालवलेलं थोडं थोडं बाकीच्या पाच पेट्यांत, आणि त्यावर वीतभर जुनं पिकलेलं खत, झाकणासारखं. मेघना जुना कुर्ता घालून खाली आली. पोत्याचं तोंड धरायला कुणीतरी हवंच होतं.

"मला तरी सांगायचंत मावशी."

"तुनाच कसा सांगू? तूच बोललीस ना, फिका झालाय."

"अहो, मी सहज बोललेले."

"शेतकऱ्याला सहज नाय बोलाचा."

मेघना हसली आणि तूस नाकात जाऊन तिला शिंका लागल्या, एकामागून एक सात. सीताराम मोजत होता.

पहिले तीन दिवस काही फरक नाही. चौथ्या दिवशी मांजरं कमी झाली. ठमाबाई पहाटे पाचला यायला लागली, रोज दोन पेट्या ढवळायच्या, वर परत खताचं पांघरूण. पाठ धरली, प्रितम रात्री तेल चोळून द्यायचा आणि ओरडायचा. सहाव्या दिवशी तिला स्वतःलाच कळेना वास आहे की नाकात बसलाय, म्हणून तिने सीतारामला ई विंगच्या जिन्यावर उभं केलं. तो म्हणाला, फोडणीचा येतो, पाचव्या मजल्यावर कायतरी करपला.

आठव्या दिवशी सकाळी विनीत आला. काखेत मुलगी, लोकरीची टोपी घातलेली. तो चौथ्या पेटीपाशी उभा राहिला, मग वाकला, मग पाचवीपाशी गेला. मुलीने हात लांब करून मूठभर पाला उचलला आणि तोंडाकडे नेला. ठमाबाईने तो अलगद काढून घेतला.

"काल खिडकी उघडी ठेवून झोपलो," तो म्हणाला.

"ही झोपली?"

"सहापर्यंत."

"बरा झाला."

त्याने मुलीची टोपी सारखी केली. "मीटिंगमध्ये सांगतो मी. चालू राहू दे म्हणून. पण मावशी, परत काही टाकायचं झालं तर..."

"इचारीन."

"नको, टाकूच नका," तो म्हणाला आणि वळला.

तो लिफ्टपाशी पोचला असेल-नसेल, ठमाबाईने मागून हाक मारली. "ए विनीत, तुझे डब्यान रोज दुधाची पिशवी येतं."

"मी नाही टाकत मावशी, हिला सांगतो."

"तिला नको सांगू. तू टाक येगली. डबा तूच आनतंस ना दाराशी."

सीतारामने सी विंगचे डबे जाळीवर उपडे केले. गुरुवार शेवटचा होऊन गेला, पूजेचं सामान घराघरांतून आता बाहेर निघालेलं, त्यामुळे झेंडू, केळीची सालं आणि नारळाच्या शेंड्या. शेंड्या कुजत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. ठमाबाईने बाह्या वर केल्या आणि झेंडूच्या हारांतले दोरे ओढून काढायला बसली.